कुलूप जुनं, चोर नवा

बुधवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ताईंनी लसीकरण केंद्राला फोन करून दुसऱ्या दिवशीची आपली वेळ रद्द केली. पलीकडच्या मुलीने कारण विचारलं. "भाऊ नको म्हणाला," असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा मशीनवर बसल्या.

भाऊ त्यांना तसं काही म्हणाला नव्हता. तो रेडिओवर बोलला होता, आणि ते भाषण नुकतंच संपलं होतं.

ताईंचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानामागे राहायची खोली. दुकान म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल, इस्त्री, आणि भिंतीला टांगलेले दुरुस्तीचे कपडे. झिप गेलेल्या पँटी, उसवलेले कोट, आखूड करायचे पडदे. साथ आल्यापासून त्या मास्कही शिवत. दारावर त्यांच्याच अक्षरातली पाटी होती: 'आधी नाक झाका, मग माप द्या.' पाटी न वाचता आत शिरणाऱ्याला त्या गळ्यातला टेप उगारून बाहेर काढत. त्यांना लहानपणापासून दमा होता आणि कापडाच्या धुळीने तो आणखी बळावला होता. मास्कवर त्यांचा भरवसा होता, कारण तो त्यांनी स्वतः शिवलेला असे. आत अस्तर कसलं आहे, टीप कुठून गेली आहे, सगळं ठाऊक. लशीच्या आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. त्यांची मुलगी औषधाच्या दुकानात कामाला होती. तिने महिनाभर डोकं खाऊन ही वेळ घेतली होती.

भाऊ म्हणजे सर. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, पण शहरात ओळख इतिहासामुळे नव्हे, बोलण्यामुळे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शुक्रवारी वादमंडळ भरायचं आणि ते सर चालवायचे. तिथली पद्धत ठरलेली होती. विषय जाहीर झाला की एका टोपीत दोन चिठ्ठ्या पडायच्या, एक बाजूची, एक विरुद्ध. हाताला जी येईल ती बाजू मांडायची आणि जिंकायचं. स्वतःचं मत काय, ते भाषणाआधी सांगायचं नाही, नंतरही नाही. "मत हे बनियनसारखं असतं," सर नव्या मुलांना सांगायचे. "अंगात असावं, चारचौघांत दाखवू नये." या नियमावर त्यांनी वकील, पुढारी, विमा एजंट अशा दोन पिढ्या घडवल्या होत्या.

आई लवकर गेल्यामुळे सरांना ताईंनीच वाढवलं होतं. सगळं शहर त्यांना सर म्हणे, ताई एकट्या 'वकील' म्हणत. लहानपणी मार चुकवायला हा मुलगा अशी काही कारणं काढायचा की हात उगारलेला तसाच राहायचा आणि हसू यायचं.

साथीमुळे मंडळ बंद पडलं होतं. सर घरात खिडकीशी बसून पेपर वाचत आणि बायकोशी वाद घालत. बायको वादाला कंटाळली होती. ती सरळ हो म्हणून मोकळी व्हायची, आणि सरांचा जीव आणखीच कोंडायचा. अशात त्या बुधवारी दुपारी रेडिओवरून फोन आला. 'दोन बाजू' नावाचा कार्यक्रम होता. विषय, लस सक्तीची असावी का. बाजूने एक डॉक्टरबाई बोलणार होत्या. विरुद्ध बोलणाऱ्या गृहस्थांना अचानक ताप आला होता. कसला ताप, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

"सर, तुमच्याशिवाय आहे कोण?" निवेदक म्हणाला.

सरांनी दोन आठवड्यांपूर्वीच लस घेतली होती. बायकोनेही. सुई टोचली तिथे अजून दाबलं की दुखायचं. फोन ठेवल्यावर त्यांनी कोट काढायला सांगितला.

"रेडिओवर कोट कोण बघणार आहे?" बायकोने विचारलं.

"मी बघणार आहे."

"आणि बोलणार काय? लस घेऊ नका म्हणून?"

"अगं, विरुद्ध बाजू आहे ती. कुणीतरी मांडायला नको का?"

"हो," बायको म्हणाली.

कार्यक्रम झाला. डॉक्टरबाई थेट वॉर्डातून आल्या होत्या आणि कागदावरचे टक्के वाचत होत्या. वाचता वाचता त्यांचा आवाज बसला, त्यांनी पाणी मागितलं. सर कागदाशिवाय बोलले. सक्ती, स्वातंत्र्य वगैरे मुद्दे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत उरकले, कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत हे त्यांना माहीत होतं. मग ते नव्या व्हेरिएंटवर आले. "लस बनवली ती गेल्या वर्षीच्या विषाणूवर. विषाणू तेवढ्यात कपडे बदलून आला. मंडळी, कुलूप जुनं आहे आणि चोर नवा आहे. आणि सरकार म्हणतंय, प्रत्येकाने हेच कुलूप घ्या, नाहीतर दंड भरा." निवेदक हसला, ते प्रक्षेपणात ऐकू आलं. मास्क लावा, अंतर ठेवा, हात धुवा, जे डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवा, असं म्हणून सरांनी शेवट केला. तो शेवट ताईंच्या दारावरच्या पाटीशी तंतोतंत जुळणारा होता.

नंतर एका श्रोत्याने फोनवरून विचारलं, "सर, तुम्ही स्वतः लस घेतलीय का?"

"माझा हात हा आजच्या चर्चेचा विषय नाही," सर म्हणाले. मंडळाच्या नियमाने ते बरोबर उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, तू काय बोलून बसलास?"

"ऐकलंस? कसं झालं?"

"छान झालं. आईने लस कॅन्सल केली."

सर तसेच निघाले. दुकानात ताई काज करत होत्या. त्यांनी नजर वर न करता स्टूल पुढे सरकवलं.

"ये वकिला. काल काय बोललास रे! शेजारचे घड्याळजी तर म्हणाले, असा माणूस विधानसभेत पाहिजे. मी म्हटलं, तिकडे पाठवू नका, बिघडेल."

"ताई, तू वेळ रद्द का केलीस?"

"तूच तर म्हणालास."

"मी तुला नाही म्हणालो. रेडिओवर म्हणालो."

"मग मी रेडिओच ऐकत होते."

"अगं, ते भाषण होतं. मला ती बाजू दिली होती. दुसरी दिली असती तर दुसरी मांडली असती."

ताईंनी दाताने दोरा तोडला. "म्हणजे खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. भाषण होतं."

"आणि आता बोलतोयस ते?"

"हे खरं आहे."

"कशावरून? आज टोपीतून कुठली चिठ्ठी निघाली, मला काय माहीत?"

 असा मुद्दा मंडळात कुणी काढला असता तर सरांनी बाक वाजवून दाद दिली असती.

"ताई, मी लस घेतलीय," ते शेवटी म्हणाले. "दोन आठवडे झाले."

ताईंनी आता वर पाहिलं. चष्मा कपाळावर चढवला.

"आधी घेतलीस आणि मग जाऊन लोकांना नको म्हणालास?"

"नको म्हटलं नाही. सक्ती नको म्हटलं."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"त्या माणसाने विचारलं होतं की फोनवर. मला वाटलं, घेतली असती तर सरळ हो म्हणाला असता. हो म्हणायला काय पैसे पडतात?"

सरांकडे उत्तर होतं. तो मंडळाचा नियम होता. पण या दुकानात, टांगलेल्या पँटींच्या मध्ये बसून, तो मोठ्याने सांगण्यासारखा त्यांना वाटला नाही.

"उद्याची वेळ घेऊ?" त्यांनी विचारलं. "मी येतो बरोबर."

"बघू," ताई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'बघू' म्हणजे नाही, हे दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात ते वाक्य सरांच्या हातचं गेलं. कुणीतरी भाषणातला तेवढाच तुकडा कापून मोबाइलवर फिरवला. डॉक्टरबाईंचं पाणी मागणं आधी आणि सरांचं कुलूप नंतर, असा तो जोडलेला होता. बसथांब्याच्या भिंतीवर कोळशाने 'कुलूप जुनं, चोर नवा' लिहिलेलं दिसलं. लसीकरण केंद्राच्या फाटकावर कुणीतरी खरंखुरं गंजकं कुलूप अडकवून गेलं. नव्या व्हेरिएंटची बातमी रोज मोठ्या अक्षरात येऊ लागली आणि गंमत अशी की प्रत्येक बातमीने दोन्ही बाजूंना जोर चढला. एक बाजू म्हणे, बघा, म्हणून लस घ्या. दुसरी म्हणे, बघा, म्हणूनच घेऊ नका. पोस्टमन, रिक्षावाले, जुने विद्यार्थी सरांना रस्त्यात थांबवून अंगठा वर करून दाद देऊ लागले. सर प्रत्येकाला सांगत, अहो, ती फक्त एक बाजू होती. लोक डोळे मिचकावत. "कळलं सर. उघड बोलता येत नाही तुम्हाला."

मोर्चा निघायचा ठरला. पुढाकार घड्याळजींचा होता. ताईंच्या शेजारी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी मोबाइलमध्ये वेळ बघायला सुरुवात केल्यापासून त्यांच्याकडे वेळ बराच होता.

शुक्रवारी दुपारी सर दुकानात गेले, तेव्हा मशीनवर पांढऱ्या कापडाचा मोठा पट्टा होता. त्यावर ताई लाल कापडातून कापलेली अक्षरं शिवत होत्या. 'कुलूप जु' एवढं झालं होतं. बाकीची अक्षरं टाचण्यांनी टोचून टेबलावर मांडलेली होती. चोर टेबलाच्या कडेवरून अर्धा लोंबत होता.

"हे काय चाललंय?"

"घड्याळजींचं काम आहे. बरं निघालंय ना? आतून कडक अस्तर लावलंय, वाऱ्याने गोळा होणार नाही."

"ताई, हे शिवू नकोस."

"का? तुझंच वाक्य आहे. लहानपणी तुझी बक्षिसाची प्रशस्तिपत्रकं भिंतीला लावत होते. आता हे." त्यांनी पायडल मारलं. सुई 'नं'च्या डोक्यावरून फिरली. मग त्या थांबल्या. "आवडलं नाही तुला."

"तुला दमा आहे. हा नवीन व्हेरिएंट हवेतून जास्त पसरतो. मला झोप लागत नाही ताई."

ताईंनी कापडावरचा हात काढला. जरा वेळ त्या खाकरल्या, त्यांच्या नेहमीच्या बारीक शिट्टीसारख्या आवाजात.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "रेडिओवर बोललास ते मी ऐकलं, साऱ्या गावाने ऐकलं. इथे येऊन कानात सांगतोस ते मी एकटी ऐकते. कानात सांगितलेलं खरं आणि माईकवर सांगितलेलं खोटं, असं कसं रे? खरं असेल तर तिथेच जाऊन सांग. तिथे सांगितलंस की मी जाते लशीला. त्याच दिवशी."

"शब्द?"

"मी काय वकील आहे?" ताई म्हणाल्या. "एकदा बोलले की बोलले."

निवेदकाला सर पुन्हा यायला तयार आहेत याचा आनंद झाला. फक्त एक अडचण होती.

"एकट्याचं निवेदन नाही लावता येत सर. कार्यक्रमाचं नाव 'दोन बाजू' आहे. तुमच्यासमोर कुणीतरी लागेल."

"कोण?"

"लोक तर घड्याळजींचं नाव सुचवतायत. तुमचे चाहते आहेत ते."

बुधवारी सर पुन्हा तोच कोट घालून गेले. या खेपेला दोघांच्या मध्ये जाड काच होती आणि माईकला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. घड्याळजी मास्क हनुवटीखाली घेऊन बसले होते. त्यांच्यापुढे कागद नव्हता. सरांपुढे होता.

काय झालं ते सरांना नंतरही नीट सांगता आलं नाही. आयुष्यभर ते जिंकण्यासाठी बोलले होते. समोरच्याचा मुद्दा घ्यायचा, उलटा करायचा आणि परत फेकायचा. इथे समोरच्याचे सगळे मुद्दे त्यांचेच होते. घड्याळजींनी चोर, कुलूप, दंड, कपडे बदललेला विषाणू, सगळं ओळीने मांडलं, अगदी सरांच्या विरामासकट. सरांना स्वतःचं वाक्य खोडायचं होतं आणि त्यांच्या कानाला ते अजून चांगलं लागत होतं.

"मी, मी लस घेतलेली आहे," सर म्हणाले. "आधीच घेतली होती. मागच्या वेळी मी, म्हणजे, जे बोललो ते माझं मत, माझं असं नव्हतं."

"मग कुणाचं होतं सर?" घड्याळजींनी आदराने विचारलं.

"ती बाजू होती."

"आणि आजची?"

"आज, आज बाजू नाही. आज मी, मला एवढंच सांगायचंय की..." पुढे माईकमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

"सर," घड्याळजी हळूच म्हणाले, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? असेल तर बोलू नका. आम्ही समजून घेऊ."

त्यानंतर आलेले सगळे फोन सरांच्या काळजीचे होते. एका बाईंनी रडत विचारलं की सरांच्या घरच्यांना कुणी धमकी दिली आहे का. एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं की सरांना त्याने चाळीस वर्षांत कधी अडखळताना ऐकलेलं नाही, तेव्हा जे समजायचं ते श्रोत्यांनी समजावं.

सर रेडिओवरून थेट दुकानात गेले. रेडिओ बंद होता. फलक घडी करून टेबलावर ठेवलेला होता, दोरीने बांधून. ताई चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि बसल्या.

"सांगितलं मी," सर म्हणाले. "उद्या जाऊया."

ताईंनी एक कप त्यांच्यापुढे सरकवला.

"तुला आठवतं, तू काचेची बरणी फोडली होतीस? लोणचं मुरवायला ठेवलेली?"

"त्याचं आता काय?"

"मी विचारलं, कुणी फोडली. तू कायम पोपटासारखा बोलणारा. त्या दिवशी त त प प करायला लागलास. मांजराने फोडली म्हणालास. आपल्याकडे मांजर नव्हतं." त्यांनी कप खाली ठेवला. "खरं बोलताना तू कधी अडखळत नाहीस रे. फक्त खोटं बोलताना. मी वाढवलंय तुला, मला नको शिकवू."

"ताई, मी आयुष्यात पहिल्यांदा..."

"मी म्हटलं होतं, खरं असेल तर सांग. तुला कुणी बोलायला लावलं? पोरीने? माझ्यासाठी खोटं बोलायला गेलास ना तिथे, एवढ्या लोकांपुढे? गाढवा, आपली अब्रू घालवलीस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. राग नव्हता, कीव होती. "माझ्यापायी नको करूस असलं काही."

सरांनी बोलायला तोंड उघडलं. ते पुन्हा अडखळणार हे त्यांना आतूनच कळलं. त्यांनी चहा प्यायला.

भाचीने घरी जाऊन आईशी भांडण केलं. केंद्रातली, त्या दिवशी फोनवर कारण विचारणारी मुलगी तिच्या ओळखीची होती, वेळ आजही मिळत होती, फक्त जायचं होतं. आई म्हणाली, "तुझ्या मामाला तू कामाला लावलंस, मला कळलंय." त्यानंतर दोघी कामापुरत्या बोलत होत्या.

मोर्चाच्या सकाळी घड्याळजी फलक न्यायला आले. बरोबर सात-आठ जण होते आणि कुणाच्याही तोंडावर काही नव्हतं. ताई नेहमीप्रमाणे टेप घेऊन दारात आल्या.

"पाटी दिसत नाही का? आधी नाक झाका!"

लोक हसले. मोर्चाला निघालेली माणसं होती, मजेत होती. "काकू, तुमचे भाऊच म्हणालेत ना," एक जण म्हणाला. ताईंनी सुनावलं की भाऊ मास्क लावा म्हणाला होता, तेवढं बरं सोयीने विसरलात. मग दोघातिघांनी शर्टाची कॉलर नाकावर ओढली, एकाने तोंडापुढे कोपर धरलं. फलक लांब होता. तो उलगडून दाखवायला, काठ्या खोचायला सगळ्यांना आत यावं लागलं. ताईंनी काठीच्या खोबणीला जागच्या जागी आणखी एक टीप मारून दिली, कारण काम अर्धवट देणं त्यांना कधी जमलं नव्हतं. घड्याळजींनी "वा!" म्हटलं. मोर्चा निघाला. वाऱ्याने फलक गोळा झाला नाही.

ताईंना ताप मंगळवारी आला. तो कुठून आला हे सांगता येत नाही. त्या आठवड्यात दुकानात गणवेश अल्टर करायला शाळेतली मुलंही येऊन गेली होती, आणि भाची ज्या औषधाच्या दुकानात काम करत होती तिथे खोकणाऱ्यांचीच रांग असायची. घड्याळजींनाही ताप होता. ते घरीच होते आणि चार दिवसांत बरे झाले. बरे झाल्यावर त्यांनी चार लोकांना ते सांगितलंही.

ताई चार दिवसांत बऱ्या झाल्या नाहीत. शनिवारी त्यांना बोलताना वाक्याच्या मध्ये थांबावं लागू लागलं. भाचीने रुग्णवाहिका बोलावली. निघताना ताईंनी दाराच्या पाटीवरची धूळ हाताने पुसली आणि गिऱ्हाइकाचा एक कोट दाखवून सांगितलं, हा झालाय, फक्त बटण राहिलंय.

रुग्णालयात नातेवाइकांना आत सोडत नव्हते. फाटकाच्या आत झाडाखाली बाक मांडले होते. तिथे बसायचं आणि फोन वाजायची वाट बघायची. वॉर्डातून दिवसातून एकदा फोन येई. तिसऱ्या दिवशीचा फोन आला, तेव्हा सरांनी आवाज ओळखला. बसलेलाच होता.

"मी आपल्याबरोबर रेडिओवर होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सांगून टाकलेलं बरं."

"हो," सर म्हणाले. "मी, मला..."

"त्या दिवशी छान बोललात तुम्ही. मला उत्तर सुचलं ते घरी जाऊन जेवायला बसल्यावर. नवऱ्याला म्हटलं, अगं बाई, हे तिथे का नाही सुचलं."

"काय उत्तर?"

"कुलूप असलं म्हणून चोर येत नाही असं नाही. त्याला उशीर होतो. तेवढ्यात घरातली माणसं जागी होतात." त्या थांबल्या. मागे यंत्रांचा आवाज येत होता. "त्यांना काल होता त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन लागतोय. उद्या कळवते."

सरांनी ते वाक्य भाचीला सांगितलं. 

"चांगलं आहे ना वाक्य?" सर म्हणाले.

"मामा," ती म्हणाली, "आता पुरे."

दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. समोरच्या भिंतीपलीकडून लाउडस्पीकर लावलेली गाडी जात होती, मास्क लावा, गर्दी टाळा, लस घ्या. मागोमाग कुणीतरी शिट्टी मारली. बाकांवरच्या कुणी मान वर केली नाही.

आज सकाळी साडेअकराला फोन आला, नेहमीच्या वेळेच्या आधी. भाचीने तो उचलला, ऐकला आणि सरांच्या हातात दिला.

"त्या शुद्धीवर आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आता थकल्यात. घशात नळी घालून श्वास यंत्रावर घ्यावा लागेल. मी त्यांना विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाल्या, वकिलाला विचारा. मी मुलीला म्हटलं, इथे वकील कुठून आणू? ती म्हणाली, तो मामा."

"हो. मीच."

"त्या म्हणतायत, भाषण नको. त्याला काय वाटतं तेवढं सांगू दे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"घालायला हवी. पण नळी घातलेले सगळे परत येत नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांच्या छातीची अवस्था बघता, कमीच येतात."

"म्हणजे दोन्ही बाजू आहेत."

"आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी फोन त्यांच्या कानाशी धरते. वेळ फार नाही."

कापडाची सळसळ झाली. मग जोराने हवा सुटल्यासारखा एकसारखा आवाज येऊ लागला, आणि त्याच्या आत कुठेतरी ती ओळखीची बारीक शिट्टी. सर बाकावरून उठून उभे राहिले. ते कायम उभं राहूनच बोलत आलेले होते.

"ताई," ते म्हणाले. "हो म्हण."

दोन्ही शब्द बोलून झाले. पण पहिल्यालाच सर अडले. 'हो' त्यांच्या तोंडून एकदा अर्धा निघाला आणि मग पूर्ण. भाचीने ते ऐकलं. त्यांनी स्वतः ऐकलं.

पलीकडून शब्द आला नाही. हवेचा आवाज तसाच चालू होता. नंतर डॉक्टरबाई कुणालातरी काहीतरी म्हणाल्या, ते कळलं नाही. "मी कळवते," असं त्या फोनवर म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

दुपारी तीनपर्यंत त्या मजल्यावरून फोन आलेला नाही. भाचीने दोनदा लावला, दोन्ही वेळा तो व्यस्त होता. सर अजून उभेच आहेत.